आत्याबाईंचा रुपया

बेळगावच्या पश्चिमेस दहा-बारा किलोमीटर गेले की रस्त्याच्या दोन्ही अंगांची माती लाल होऊ लागते. काळ्या मातीचा, जोंधळ्या-कापसाचा मुलूख मागे पूर्वेकडे राहतो आणि सह्याद्रीचा ओलावा पुढे येऊन भेटतो. काजूची झाडे, भाताची कापून मोकळी झालेली खाचरे, मध्येच रताळ्यांचे वेल उपटून काढलेली राने, आणि दूरवर, जिचे पाणी साऱ्या बेळगाव शहराने प्यावे त्या मार्कंडेय नदीवरील राकसकोपच्या जलाशयाची दिशा दाखविणारा निळसर डोंगर. ह्याच वाटेवर बेळगुंदी आहे. गेल्या मार्गशीर्षात आम्ही उभयता हैदराबादेहून तेथे गेलो ते प्रवासाच्या हौसेने नव्हे. आमच्या आत्याबाईंनी निरोप धाडला होता, आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आत्याचा निरोप पुढच्या महिन्यावर टाकता येत नाही.

आमचे मूळ गाव कडोली. बेळगुंदी हे आत्याबाईंचे सासर. दोन्ही गावे तशी बेळगावच्या कुशीतली, आणि मराठी साहित्य संमेलने भरविण्याचा सोस दोघांनाही सारखाच. शहरांतून साहित्य संमेलने भरतात ह्यात नवल नाही. पण शेतकऱ्यांच्या गावाने दरवर्षी मांडव घालावा, ग्रंथदिंडी काढावी, कवींना आणि कथाकारांना जेवू घालावे, हे ह्या सीमेवरच्या खेड्यांतच पाहावे. १९५६ साली राज्यांची नवी आखणी झाली तेव्हा हा मुलूख मुंबई राज्यातून निघून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. २०१४ पासून बेळगावचे सरकारी नाव बेळगावी झाले. ह्या साऱ्या घडामोडींत बेळगुंदीच्या घराघरांतली भाषा मात्र जागची हलली नाही. आत्याबाई अजून “मी येतो”, “मी जेवतो” असेच म्हणतात. ह्या भागातल्या बायका स्वतःविषयी असेच बोलतात. आमच्या सौभाग्यवतींना लग्नानंतर पहिल्यांदा हे ऐकून हसू आवरले नव्हते. आता त्यांनाच ते ऐकल्यावाचून बेळगुंदीस आल्यासारखे वाटत नाही.

निरोपाचे कारण एक रुपया होते.

झाले होते ते असे. आमच्या आतेभावाचा थोरला मुलगा अमेरिकेत नोकरीस आहे. त्याने तेथे वाचले की एका जुन्या अमेरिकन चांदीच्या डॉलरला २०२१ साली लिलावात ७६ लाख ८० हजार डॉलर, म्हणजे आपले ५७ कोटींच्या आसपास रुपये मिळाले. त्याला लगेच आजीच्या पेटीतला रुपया आठवला. तोही चांदीचा, तोही जुना, त्यावरची अक्षरे तर कोणाला वाचताही येत नाहीत! मुलाने बापास दूरध्वनी केला, बापाने छपराकडे पाहिले. माजघरावरची कौले दोन पावसाळ्यांपासून गळत आहेत. काजूला ऐन मोहोरात ढगाळ हवेने दगा दिलेला. घरात कुजबुज सुरू झाली आणि आत्याबाई पेटीची किल्ली कनवटीला लावून बसल्या.

“ह्येला कोटी येनार म्हनं!” आम्ही हातपाय धुऊन बसतो न बसतो तोच त्या म्हणाल्या. “तू शिकलेला हैस, तूच काय ते बघ. मी काय सांगतो ते ह्या पोरास्नी पटंना.”

त्यांनी पेटी उघडली. चिंधीच्या तीन घड्या सुटल्या आणि काळ्या गोफात ओवलेला तो रुपया आमच्या तळहातावर आला. हा रुपया आम्ही लहानपणी आमच्या आजीच्या गळ्यात पाहिला होता असे आम्हांस वाटते, पण ती आठवण ऐकीवही असेल. आजीच्या गोफात असे सात रुपये होते. तिला ते तिच्या आईकडून आले, आईस कोणाकडून ते आत्याबाईंसही सांगता येत नाही. सातांपैकी सहांचा हिशेब मात्र त्यांना तोंडपाठ. एक दुष्काळी सालात बैल घेण्यासाठी गेला. एक धाकट्या काकांच्या आजारपणात. दोन आत्याबाईंच्या लग्नात मोडले. एक घराच्या वाटणीच्या वेळी वकिलाकडे गेला, आणि त्याचे नाव काढले की आत्याबाईंचा आवाज अजून चढतो. सहावा आमच्या वडिलांनी नेला. १९५१ साली ते नोकरीच्या शोधात हैदराबादेस निघाले तेव्हा आजीने तो गोफातून उतरवून शहापुरात मोडला आणि आलेले पैसे त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात शिवून दिले. हैदराबादेत तेव्हा निजामाचे हाली नाणे आणि हिंदुस्थान सरकारचे कलदार नाणे अशी दोन्ही चालत. सहा कलदारांचे सात हाली होत. वडील सांगत की स्थानकाबाहेर पैसे बदलून घेतल्यावर आपण एकदम सधन झाल्यासारखे वाटले, आणि तो आनंद दुपारच्या जेवणापर्यंत टिकला. हा प्रसंग आम्ही घरी पुष्कळदा ऐकला होता. त्या पैशांच्या मुळाशी आजीच्या गळ्यातला रुपया होता हे मात्र वडिलांनी कधी सांगितले नाही. ते आम्हांस त्या दुपारी बेळगुंदीच्या ओसरीवर कळले.

दुसऱ्या दिवशी आतेभाऊ व आम्ही रुपया घेऊन शहापुरास गेलो. शहापूर आज बेळगावातच मिसळून गेले आहे, परंतु स्वातंत्र्यापर्यंत ते सांगली संस्थानचे गाव होते. इंग्रजांची छावणी आणि किल्ला एका बाजूस, पटवर्धनांची पेठ दुसऱ्या बाजूस, असा तो शेजार होता. पेठ श्रीमंत, सराफ आणि विणकर ह्यांची. शहापुरी नावाचा रुपयाही एके काळी ह्या भागात चालत असे. ज्या पेढीवर आम्ही गेलो तेथील वृद्ध सराफांनी रुपया हातात घेतला, वजन पाहिले, दगडावर कस लावला आणि भिंग डोळ्यास लावून म्हणाले, “अंकुशी आहे. चांदी उत्तम.”

अंकुशी म्हणजे ज्यावर हत्तीच्या अंकुशाची खूण आहे तो मराठेशाहीतला रुपया. ही खूण एका टाकसाळीची नव्हे. पुण्यात आणि इतर कित्येक ठिकाणी अशा खुणेचे रुपये पडत. शिवछत्रपतींनी आपल्या तांब्याच्या शिवराईवर स्वच्छ देवनागरीत आपले नाव घातले. पण पुढे पेशवाईत, मराठ्यांचे घोडे दूरदूर दौडत असतानाही, रुपयावर नाव राहिले ते दिल्लीच्या बादशहाचे, तेही फारशीत. ह्याचे कारण अभिमानाची उणीव हे नसून बाजार हे होते. रयतेला आणि सावकाराला ओळखीचा शिक्का हवा असतो. अनोळखी नाण्यास बट्टा बसतो. म्हणून बादशहाचे नाव, आणि कोपऱ्यात आपली खूण. टाकसाळी बहुधा मक्त्याने सोनारांकडे दिलेल्या असत. ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान, त्यामुळे पुरी ओळ एका रुपयावर कधी मावतच नसे; तीन-चार रुपये शेजारी ठेवावेत तेव्हा एक वाक्य पुरे व्हावे. आत्याबाईंच्या रुपयावर टाकसाळीचे नाव जेथे यावयाचे तेथेच नेमकी चकती संपली आहे.

सराफांनी आम्हांस कडेजवळचे दोन बारीक खळगे दाखविले. ते झीज नव्हेत. ज्या ज्या सराफाच्या हातून रुपया गेला त्याने खरेपणाची खातरी करून आपली टाकी मारलेली. टाक्या फार झाल्या की पुन्हा बट्टा. ‘नावाला बट्टा लागला’, ‘माणूस खणखणीत आहे’ असे आपण सहज म्हणतो. नाणे दगडावर आपटून कानाने पारखणाऱ्या ह्या मंडळींनी ते शब्द आपल्या तोंडी दिले आहेत.

“आणि किंमत?” आतेभावाने शेवटी विचारले.

“चांदीची जी होईल ती. वर थोडे.” मग सराफांनी रुपया उलटा केला आणि वरच्या कडेस झाळलेली कडी नखाने दाखविली. “संग्राहक ह्याला हात लावणार नाहीत. कडी लावली की नाणे बिघडले असे ते मानतात. मी घेतले तर वितळवणार, खोटे कशाला सांगू?”

तो आकडा चार माणसांच्या चांगल्या जेवणाएवढा होता. आतेभावाच्या तोंडाकडे आम्हांस पाहवेना. बसमध्ये तो एवढेच म्हणाला, “दादा, कौलं तरी ह्यात किती येतील?” आणि खिडकीबाहेर पाहत बसला.

रात्री जेवणे झाल्यावर सारे घर ओसरीवर जमले. चुलीत भाजलेल्या रताळ्यांची टोपली मध्ये होती. अमेरिकेतल्या त्या डॉलरला एवढी किंमत का आली हा प्रश्न आतेभावाच्या धाकट्या मुलीने केला. ती गावच्या मराठी शाळेत आठवीत आहे, आणि घरात सर्वांत सरळ प्रश्न तीच विचारते. आम्हांस हा विषय थोडा ठाऊक होता. नाण्यांचा नाद आम्हांस हैदराबादेने लावला आहे. म्हणून सांगू लागलो.

त्या डॉलरवर १८०४ हे साल आहे, आणि गंमत अशी की तो १८०४ साली पाडलेलाच नाही. त्या साली फिलाडेल्फियाच्या टाकसाळीने १९,५७० डॉलर पाडले खरे, पण जुन्याच सालाच्या ठशांनी. नंतर डॉलर पाडणे थांबले. तीस वर्षांनी, १८३४ साली, अमेरिकेच्या सरकारला मस्कतचा सुलतान आणि सयामचा राजा ह्यांच्याशी झालेल्या तहांच्या निमित्ताने नजराणे धाडावयाचे होते. आपल्या देशाच्या सर्व नाण्यांचा एकेक संच सुंदर पेटीत घालून द्यावा असे ठरले. टाकसाळीने दप्तर पाहिले, डॉलर शेवटी १८०४ साली पडल्याची नोंद दिसली, आणि तेच साल कोरून नवे ठसे केले. असे जे डॉलर त्या वेळी पाडले त्यांपैकी आठ आज माहीत आहेत. पुढे टाकसाळीतूनच मागाहून पाडलेले आणखी सात निघाले, एकूण पंधरा.

हे नजराणे घेऊन एडमंड रॉबर्ट्स नावाचा वकील ‘पीकॉक’ ह्या लढाऊ जहाजातून निघाला. १८३५ च्या सप्टेंबरात अरबस्तानच्या किनाऱ्याजवळ मसिरा बेटापाशी जहाज खडकावर चढले. तोफा आणि सामान समुद्रात टाकून ते कसेबसे मोकळे केले. मस्कतच्या सुलतानास त्याची पेटी पोचती झाली आणि मोडके जहाज दुरुस्तीसाठी आले ते मुंबईस! म्हणजे सयामच्या राजाची पेटी, तिच्यातल्या त्या १८०४ च्या डॉलरसह, १८३५ च्या अखेरीस काही आठवडे मुंबईच्या बंदरात होती.

येथे आम्ही थांबलो, कारण त्याच १८३५ सालाने आत्याबाईंच्या रुपयाचे दिवस भरविले होते. त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून कंपनी सरकारचा नवा रुपया सुरू झाला: १८० ग्रेन वजनाचा, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यावर इंग्लंडच्या चौथ्या विल्यमचे मस्तक. यंत्रावर पाडलेला, काठ सारखे असलेला, सगळीकडे एकच. हाच तो कलदार. अंकुशी, चांदवडी, शहापुरी आणि गावोगावचे बाकी सारे रुपये हळूहळू चलनातून उठले, खजिन्यात वजनावर जमा झाले, आणि त्यांच्या चांदीचे नवे रुपये झाले. कोट्यवधींनी पडलेले नाणे असे नाहीसे झाले. उरले ते पुरलेले, नाहीतर गळ्यातले. जी कडी पाहून सराफ म्हणाले की नाणे बिघडले, ती नसती तर हा रुपया केव्हाच मुशीत गेला असता.

“मंग त्ये सयामवालं कुटं गेलं?” आत्याबाईंनी विचारले. त्यांना गोष्ट अर्धी सोडलेली खपत नाही.

सयामच्या राजास पेटी १८३६ च्या वसंतात मिळाली. रॉबर्ट्स त्याच वर्षी जून महिन्यात मकाव येथे वारला आणि पुढच्या दोन दरबारांसाठी नेलेल्या वस्तू तशाच परत गेल्या. सयामची पेटी सव्वाशे वर्षे कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. १९६२ साली ती एकदम लंडनमध्ये उजेडात आली. ती विकणाऱ्या दोन वृद्ध स्त्रिया ॲना लिओनोवेन्सच्या वंशातल्या होत्या असे सांगतात. ही ॲना म्हणजे सयामच्या राजवाड्यात १८६२ पासून पाच वर्षे राजाच्या मुलांना शिकविणारी, जिच्यावर पुढे ‘द किंग अँड आय’ हा चित्रपट निघाला ती. तिने जन्मभर आपण वेल्समध्ये जन्मल्याचे सांगितले. जन्मली होती ती १८३१ साली आपल्या अहमदनगरास, आजच्या अहिल्यानगरास! राजाने पेटी तिला दिली ही गोष्ट सिद्ध झालेली नाही, पण अमेरिकेत ती आवडीने सांगतात. २००५ साली तो संच ८५ लाख डॉलरांना गेला.

आणि ज्याचे ७६ लाख ८० हजार आले तो मस्कतच्या सुलतानाचा मानला जाणारा डॉलर. त्याच्या मालकांची नावे ओळीने लिहिलेली आहेत. लिव्हरपूलचे वॉटर्स, १९१७ साली त्यांच्या संग्रहाचा लिलाव झाल्यावर शिकागोचे बिअरवाले व्हर्जिल ब्रँड, ज्यांच्याजवळ साडेतीन लाखांवर नाणी होती, त्यांच्या मागे त्यांचे भाऊ, १९४५ पासून चाइल्ड्स घराणे. १९९९ साली त्यांनी तो विकला तेव्हाही ४१ लाख ४० हजार डॉलर आले होते. आणखी एक डॉलर सेलमच्या मॅथ्यू स्टिक्नी ह्यांनी ९ मे १८४३ रोजी खुद्द टाकसाळीत जाऊन, आपल्याजवळचे एक दुर्मिळ सोन्याचे नाणे देऊन बदलून घेतला. तारीख नोंदलेली आहे! त्या डॉलरांना जी किंमत येते तिच्यातला मोठा भाग चांदीचा तर नाहीच, आमच्या मते दुर्मिळपणाचाही नाही. तो ह्या नावांच्या ओळीचा आहे.

आपल्याकडेही संग्राहक होते. फार लांब जावयास नको. कित्तूरच्या १८२४ च्या उठावात धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला, तेव्हा राणी चन्नम्मांच्या लोकांनी दोन इंग्रज अधिकारी ओलीस धरले. त्यांतला एक तरुण वॉल्टर एलियट. त्याची सुटका झाली, आणि पुढे ह्याच दक्षिण महाराष्ट्रात राहून त्याने शिलालेख आणि नाणी जमविण्याचा ध्यास घेतला. म्हातारपणी दृष्टी जवळजवळ गेल्यावरही त्याने दक्षिण हिंदुस्थानच्या नाण्यांवर मोठा ग्रंथ पुरा केला. त्याची नाणी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये त्याच्या नावानिशी आहेत. मराठ्यांच्या टाकसाळींचा साकल्याने अभ्यास होण्यास मात्र १९८९ साल उजाडावे लागले; माहेश्वरी आणि विगिन्स ह्यांचा तो ग्रंथ अजून आमच्या उशाशी असतो. एलियटला नाणी विकणाऱ्यांची, किंवा ती अंगावरून उतरवून देणाऱ्यांची नावे कोठेही नाहीत.

आतेभाऊ एवढा वेळ गप्प होता. तो म्हणाला, “म्हणजे पोरगा तिकडं घेऊन गेला तरी काही उपयोग नाही.” आम्ही सांगितले की तसे नेताही येणार नाही, १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची अशी वस्तू देशाबाहेर नेण्यास बंदी आहे. तो हसला. “मग सुटलो,” म्हणाला. छपराचा विषय आम्ही काढू पाहिला, तर त्याने तो हाताने बाजूस सारला. पाहुण्याच्या पैशाने कौले चढविणारा तो नव्हे हे आम्हांस ठाऊक हवे होते. पुढे आमच्या सौभाग्यवतींनी रताळ्यांचे आणि काजूचे आगाऊ पैसे म्हणून काही रक्कम त्याच्या पत्नीच्या हाती ठेवली, तेव्हा ती घेतली गेली. बायकांना ह्या वाटा बरोबर सापडतात.

तेवढ्यात नात वही घेऊन आली. “आजी, आपल्या रुपयाची पण ओळ लिहू या की!”

आत्याबाई प्रथम खुळ्यात काढू लागल्या, मग सावरून बसल्या. शेवटून सुरुवात झाली. त्यांचे स्वतःचे नाव. त्याच्या वर त्यांची आई, म्हणजे आमची आजी. नातीने विचारले, कोणते नाव लिहू? आजीला माहेरी एका नावाने हाक मारीत आणि लग्नात दुसरे ठेवलेले. कडोलीत शेजारणींखेरीज तेही फारसे कोणी उच्चारीत नसे. आम्हांस सासरचेच ठाऊक होते. माहेरचे नाव आम्ही आयुष्यात प्रथम त्या रात्री ऐकले. आत्याबाईंनी ते दोनदा सांगितले, दुसऱ्यांदा जरा हळू. नातीने दोन्ही लिहिली. त्याच्या वर आजीची आई. तिचे एकच नाव आठवले, आणि ते माहेरचे की सासरचे हे सांगता येईना.

“आनि तिच्या वर?”

“तिची आई असंल, न्हाईतर सासू. त्ये मी कसं सांगू, बाळ?”

नातीने थोडा विचार केला आणि पानाच्या वरच्या अंगास चार ओळी मोकळ्या सोडल्या. खाली मात्र आत्याबाईंच्या नावानंतर तिने काहीच लिहिले नाही. पेन्सिल धरून आजीकडे पाहत राहिली. आत्याबाईंनी आतेभावाकडे पाहिले. त्याने मान हलविली.

“लिव्ह तुझं,” त्या म्हणाल्या. “पन लग्नात नाव बदलायचं न्हाई, सांगून ठेवतो. पुन्ना घोटाळा नको.”

पान फाडून, घडी घालून चिंधीत रुपयाबरोबर बांधले गेले आणि पेटीला कुलूप लागले. किल्ली पूर्वीप्रमाणे कनवटीस गेली. नाव लागले म्हणून किल्ली मिळाली असे होत नाही. आम्ही सकाळच्या बसने निघालो तेव्हा आतेभाऊ शिडी लावून छपरावर चढला होता आणि खालून त्याची मुलगी एकेक कौल वर देत होती.